काविळीची माळ

मुलीला कावीळ झाली तेव्हा माझी आत्या धरणगावहून माळ घेऊन आली. ओल्या काड्यांना गाठी मारून केलेली ती माळ मुलीच्या गळ्यात घालत ती मला म्हणाली, "माळ लांबनी का कावीळ उतरनी समज, भाऊ." काड्या सुकल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते, हे मी वाचलेलं होतं. तरी मी ती घालू दिली.

मुलगी असंबद्ध बोलू लागली, तेव्हा तिला अमळनेरहून धुळ्याला नेलं. यकृत झपाट्याने निकामी होत होतं. डॉक्टरांनी सलाइनमधून एक औषध सुरू करायचं ठरवलं.

"याने ती बरी होईल ना?"

"तापाच्या गोळ्या जास्त पोटात गेल्या असत्या, तर याचा चांगला उपयोग झाला असता. हिचं कारण वेगळं दिसतंय. लहान मुलांत खात्री देता येत नाही."

नर्सने औषध उघडताच कुजक्या अंड्यासारखा वास आला. मुलीने नाक मुरडत डोळे किलकिले केले. "पप्पा, तुम्ही ना?" नर्सला हसू आवरेना. त्यानंतर मुलगी बोलली नाही.

मानेत नळी घालायची म्हणून माळ काढावी लागली. मी ती सलाइनच्या स्टँडला अडकवली. थेंब पडत राहिले आणि मी मात्र माळेकडेच बघत राहिलो. ती खरोखर लांबत होती. मुलगी गेली.

माळ आता घरी तिच्या दप्तराच्या खुंटीवर आहे. परवा केर काढताना पाहिलं, ती आणखी लांबली आहे. आत्याच्या हिशेबाने कावीळ पूर्ण उतरली असणार.