काचेआडची कोंबडी

अन्याय झालाय तो दहा महिन्यांच्या परीवर. वसुधाताई गेल्या, त्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी, लसीच्या दिवशी, सकाळी दवाखाना उघडताच. पंचवटीतल्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात वसुधाताई लहान मुलांच्या डॉक्टर. तपासायच्या आधी प्रत्येक बाळाच्या हातात चित्रांचं पुस्तक द्यायच्या, ते घरी न्यायला लावायच्या. विश्वस्तांनी ती सगळी पुस्तकं काचेच्या कपाटात घालून कुलूप लावलं. वर ताईंचा फोटो, फोटोला हार. "मॅडमची आठवण आहे, पोरं फाडतील." परीने काचेवर हात आपटले. तिला सुई तेवढी मिळाली.

ताई हे ऐकून किती हसल्या असत्या...

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ते स्वयंसेविका म्हणून, पत्रकांचा गठ्ठा घेऊन. 'बालवाचनाचे फायदे', मीच लिहिलेलं. त्यांनी एक पत्रक समोरच्या बाळापुढे धरलं. बाळाने ते थेट तोंडात घातलं. "हा बघ तुझा पहिला वाचक. शाई बरी आहे ना गं?" म्हणाल्या, आणि मला शेजारी बसवून घेतलं. तेवढ्यात पेठ तालुक्यातून मजुरीला आलेली एक आई आत आली. पुस्तक पाहून तिने हात मागे घेतले.

"मला वाचाया नाय येत, बाई."

"नसू दे. चित्र बघ आणि सांग त्याला, हे काय?"

"कोंबडी हाय." ती लाजली, मग वाकून नीट पाहू लागली. "पर लय माजलीय. आमच्याकडं पावन्यांनी कवाच खाल्ली असती."

आम्ही हसलो. बाळ आईच्या तोंडाकडे बघत राहिलं, आणि मग त्याने कोंबडीवर फाडकन हात मारला. ताई स्टेथोस्कोप विसरून टाळ्या वाजवत होत्या. "लागला वाचायला. रोज झोपताना असंच सांग, तुझ्या बोलीत." मी त्या दिवशी घरी सायकल उडवतच गेले. उरलेली पत्रकं रद्दीत घातली.

पुढच्या लसीला ती आई ओशाळत आली. पुस्तकाचा कोपरा चघळलेला, कोंबडीची शेपटी गायब. ताईंनी ते उंच धरून अख्ख्या रांगेला दाखवलं. "फाटलं म्हणजे औषध लागू पडलं." तिला नवं दिलं, हे टेबलावर ठेवून घेतलं. शेवटपर्यंत ते तिथेच होतं.

आज ती बिनशेपटीची कोंबडी कपाटात मधोमध उभी आहे... काचेआड. तुमच्या मांडीवर बाळ असेल तर येत्या मंगळवारी या. फोटोला नमस्कार नंतर करा. आधी कुलूप काढायला लावा, पुस्तक मागून घ्या, तिथेच बाकावर बसून बाळाच्या हातात द्या. आणि फाटू द्या.