औषध पिणार आहे

व्हॉइसमेल मी पुन्हा ऐकला.

"सिस्टर, मी निनादची आई बोलतेय. निनाद आज औषध पिणार आहे. म्हणतो, आज एकदाचं सगळं संपवून टाकतो. तुम्हाला कळवू नको म्हणालाय, पण मला आपलं वाटलं..." पुढे घर्रघर्र आवाज आणि फोन बंद.

उलटा फोन लावला. नुसती रिंग. निनादचा तर स्विच ऑफ.

मिल्टन कीन्सच्या आमच्या ॲडिक्शन सर्व्हिसमध्ये तेव्हा मी नर्स होते. निनाद माझा पेशंट. तिशीतला, इथेच जन्मलेला, लाघवी. हेरॉइनपायी नोकरी गेली, लग्न मोडलं, आणि आता आईकडे राहायला आला होता. त्याला मेथाडोन चालू होतं. हे हिरवं, गोडसर सिरप. हेरॉइनची तलफ त्यावर भागते आणि माणूस दिवसभर माणसात राहतो. रोज फार्मसीत जायचं आणि फार्मासिस्टसमोर प्यायचं. निनाद दोन दिवस तिकडे फिरकलाच नव्हता, हे फार्मसीने कालच कळवलं होतं.

आता ही 'औषध पिणं' काय भानगड आहे ते सांगायला हवं. मी अकोल्याकडची. नोकरीची पहिली वर्षं तिथल्या सरकारी दवाखान्यात, कॅज्युअल्टीत काढली. आमच्याकडे औषध 'घेतलं' म्हणजे तापाची गोळी. औषध 'प्यायला' म्हणजे फवारणीचं विष प्यायला. स्ट्रेचरबरोबर धावणारा नातेवाईक एवढंच म्हणायचा आणि आम्हाला पुढचं काही विचारावं लागत नसे. इंग्लंडात इतकी वर्षं राहिले, पण ते दोन शब्द ऐकले की मला अजून ते स्ट्रेचरच दिसतं.

मी मॅनेजरच्या खोलीत गेले. जॅकी लीड्सची, बोलायला फटकळ, मनाने लोणी.

"आई एक्झॅक्टली काय म्हणाली? वर्ड फॉर वर्ड."

"ही इज गोइंग टू ड्रिंक मेडिसिन."

"गुड. दोन डोस मिस केलेत, आज पिऊ दे."

"जॅकी, मेडिसिन म्हणजे पॉयझन."

"मग ती मेडिसिन का म्हणाली?"

"आमच्याकडे पॉयझनलाही मेडिसिन म्हणतात."

"का पण?"

"ते गाडीत सांगते."

तिने दुसरा प्रश्न विचारला नाही. एका हाताने ॲम्ब्युलन्ससाठी ९९९ फिरवला, दुसऱ्या हाताने गाडीची किल्ली उचलली. बॉस असावी तर अशी. मिल्टन कीन्समध्ये रस्ता म्हणजे एका राउंडअबाउटवरून दुसऱ्यावर. प्रत्येकावर जॅकी उजवीकडून येणाऱ्यांना शिव्या देत होती आणि मी आठवेल त्या देवाला हात जोडत होते.

आम्ही पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्सही नुकतीच येत होती. दार निनादच्या आईने उघडलं. ॲप्रन बांधलेला, हातात मिक्सरचं भांडं, मनगटापर्यंत तपकिरी पूड.

"अगंबाई, सिस्टर! फोन करत होतात का? मिक्सरच्या आवाजात काही ऐकूच आलं नाही हो."

"काकू, निनाद कुठे आहे?"

"आंघोळीला गेलाय. स्वच्छ होऊन, उपाशीपोटी प्यायचं आहे ना."

"काय प्यायचं आहे?"

"औषध." त्यांनी भांडं माझ्यापुढे धरलं. "आफ्रिकेतलं मूळ आहे. आपल्या वेखंडासारखं. एकदा घेतलं की व्यसन मुळापासून जातं म्हणे. सगळं संपतं."

माझ्या जिवात जीव आला. पण क्षणभरच. भांड्यात काय आहे ते लक्षात आलं आणि तो पुन्हा गेला.

ते इबोगा होतं. आफ्रिकेतल्या काही जमाती पिढ्यान्‌पिढ्या या झुडपाच्या मुळाची साल धार्मिक विधीत घेतात. माणूस तासन्‌तास जागेपणी स्वप्नं पाहतो. त्यानंतर हेरॉइनची ओढ कमी झाली असं सांगणारे लोक आहेत आणि शास्त्रज्ञही त्यावर काम करताहेत. इथे मात्र औषध म्हणून त्याला परवानगी नाही. आणि एक गोष्ट अगदी पक्की आहे. हे मूळ हृदयावर जातं. निनादने ते इंटरनेटवरून मागवलं होतं.

निनाद टॉवेलने डोकं पुसत खाली आला. चेहरा ओढलेला, डोळे खोल गेलेले. मेथाडोन एकदम सोडल्यावर उलट्या-जुलाब होतात, ते झालेले दिसतच होते. हॉलमध्ये एवढी माणसं पाहून तो आईवर चिडला.

"आई, मी सांगितली होती ना, सिस्टरमावशीला फोन नको!"

मी त्याला जिन्याच्या पायरीवर बसवलं. आमच्या धंद्यात आडून विचारायचं नसतं.

"निनाद, जीव द्यायचा विचार होता का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "व्हॉट? नो, मावशी. मला जगायची होती. म्हणून तर हा औषध."

त्याच्या मराठीत लिंगाचा कायम गोंधळ. एरवी मी टोकते. त्या दिवशी नाही टोकलं.

ॲम्ब्युलन्समधली पॅरामेडिक आलीच होती, ती त्याचा ईसीजी काढायला बसली. हृदयाचा एक ठोका पडला की पुढच्यासाठी सज्ज व्हायला त्याला जरासा वेळ लागतो. ईसीजीच्या कागदावर त्याला क्यूटी म्हणतात. तो फार लांबला की ठोके भरकटतात आणि हृदय उभ्या उभ्या थांबू शकतं. मेथाडोनने तो लांबतो. मेथाडोन दोन दिवसांत अंगातून जात नाही. त्यात उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम उतरलं की आणखी लांबतो. आणि इबोगाने तर लांबतोच लांबतो.

पॅरामेडिकने कागद माझ्यापुढे धरला. निनादचा क्यूटी अजून काहीही न पिता धोक्याच्या पलीकडे गेला होता.

मी काकूंना सगळं मराठीत समजावलं. त्या भिंतीला टेकल्या. "मीच दळलं हो. घशाला टोचू नये म्हणून चाळूनसुद्धा घेतलं." मी त्यांचे ते पूड लागलेले हात तसेच धरून ठेवले.

निनादला वॉर्डात ठेवलं. तो शांत झोपल्यावर काकूंना राग यायला सवड मिळाली.

"माझा मुलगा विष पिईल असं तुम्हाला वाटलंच कसं? मी ठाण्याची. आमच्याकडे औषध म्हणजे औषध."

"चुकलं माझं, काकू."

त्यांनी निनादचं पांघरूण सारखं केलं. मग हळूच म्हणाल्या, "असंच चुकत जा."

पुढे डॉक्टरांनी त्याचं मेथाडोन बदललं आणि दुसऱ्या औषधावर बेतानं आणलं. मध्ये एकदा घसरला, पुन्हा उठला. आता एका नर्सरीत रोपं विकतो. मी रिटायर झाले तेव्हा एक कुंडी घेऊन आला होता.

"मावशी, इबोगाची प्रॉपर ट्रायल निघाली, तर माझा नाव देणार?"

"देईन. आधी ईसीजी."

झाडाशी माझं भांडण नाही. आम्हाला ट्रेनिंगमध्ये निराश माणूस कसा ओळखावा ते शिकवतात, आणि मी तोच शोधत त्या घरी गेले होते. त्या सकाळी तिथे निराश कुणीच नव्हतं. मायलेकांनी आशेच्या भरात नकळत मरणाची तयारी केली होती, आणि ती जवळजवळ पुरी झाली होती.