मी हलवलेली फाईल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आता लिहायला बसले तरी हात अडखळतो — चौथीपर्यंतच शिकलेला हात आहे.

हडपसरला एका कारखान्यात मी भरतकामाचे सुटे दोरे कापते. ब्लाउजवरची नक्षी आधी कॉम्प्युटरवर काढतात, मग मशीन ती भरतं. एक दिवस नक्षीचा प्रोग्रॅम उघडेना. एक फाईल सापडत नाही, असं पडद्यावर यायचं. शेठनी दुरुस्तीवाल्या कंपनीला फोन केला आणि अश्विनी आली — कात्रजहून, दोन बस बदलून.

काम करता करता ती मला समजावून सांगत होती. मला! व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रॅमने ती फाईल चोर समजून उचलून ठेवली होती. तिने ती परत जागेवर आणली आणि म्हणाली, "मावशी, नाव वाचा बरं हिचं." मी एकेक इंग्रजी अक्षर बोट ठेवून वाचलं. "अहो, येतंय की तुम्हाला!"

असं मला याआधी कोण म्हणालं होतं? शाळेतल्या बाई? आठवत नाही.

ती गेली आणि मला करमेना. मशीनच्या आवाजात मी ती अक्षरं पुटपुटायची. दाराशी कुणी आलं की मान वर व्हायची. पण ती कशाला येईल? काही बिघडल्याशिवाय तिला कोण बोलावणार?

आता सांगतेच. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर होत्या. तिने दाखवलेलं फोल्डर मी उघडलं, दातेरी चाकांचं चित्र असलेली ती फाईल शोधली — आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये नेऊन टाकली. पुसली नाही. पुसायची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी अश्विनी आली. मला आणखी चार शब्द वाचायला शिकवून गेली. किती सुखात होते मी! पंधरा दिवसांनी पुन्हा तेच केलं.

या वेळी लग्नाची ऑर्डर अडकली. शेठ म्हणाले, "मॅडम, दुरुस्तीला येता की हजेरी लावायला?" बायका हसल्या. अश्विनी शोधत राहिली. फाईल भलत्याच फोल्डरमध्ये सापडली. फाईल आपणहून जागा सोडत नाही, हे तिला कळत नसेल? तिने वळून माझ्याकडे पाहिलं — रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"माझंच काहीतरी चुकलं असेल, सर," ती म्हणाली.

शेठनी तिच्यासमोरच तिच्या कंपनीला फोन लावला. "या मुलीला परत पाठवू नका. तिला काम येत नाही."

मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तिने नाही, मी केलं — एवढंच म्हणायचं होतं. पण मी खाली बसले आणि फरशीवरचे दोरे वेचत राहिले, तिची पावलं दाराबाहेर जाईपर्यंत.