छत्रीवरचा मांडव

आंबागडच्या डोंगरामागे आमच्या टोलीच्या छोट्या वस्तीवर मोबाईलचा टॉवर आला, तेव्हा देवकाबाईंनी त्याला नव्या सुनेसारखं ओवाळून घेतलं. जागा त्यांच्याच परसातली. जंगलातून केबल आणणं जमेना, म्हणून टॉवरच्या पायथ्याशी आभाळाकडे तोंड केलेली मोठी छत्री, म्हणजे डिश अँटेना, बसवली होती. उन्हाळ्यात बाईंचा जीव तिच्यासाठी कळवळायचा. "बिचारी दिवसभर तापून राहिली!"

म्हणून लेकीच्या, दामिनीच्या लग्नात त्यांनी मांडव घातला तो थेट छत्रीवरून. जांभळीचे डहाळे, वरून पाण्याचा शिडकावा. पाहुण्यांनाही सावली, छत्रीलाही. शिवाय इतक्या जवळ रेंज जोरात येणार! ती तर हवीच होती. मुलगा प्रितम फौजेत, लडाखला. सुटी मिळाली नव्हती. व्हिडिओवर भाऊ दिसल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही, असं दामिनीनं बजावलं होतं.

वेळ झाली आणि फोन लागेना.

"रेंजच्या दांड्या तं पुऱ्या दिसून राहिल्या, मंग काहून लागत नाही?" बाई रडकुंडीला आल्या.

टॉवरचा मेकॅनिक योगेंद्र लग्नालाच आला होता. पोह्यांची प्लेट हातात घेऊन तो मांडवाकडे बघतच राहिला.

"काकी, दांड्या म्हणजे तुमचा फोन अन् हा टावर, एवढंच. पुढचं सारं या छत्रीतून वर उपग्रहाले जाते. छत्तीस हजार किलोमीटरवर आहे तो. पृथ्वीसंगं फिरते, म्हणून आपल्यासाठी एकाच जागी राहते. छत्री त्याच्याकडं टक लावून असते. त्याच्याकडून बोलणं खाली दुसऱ्या मोठ्या छत्रीवर, अन् तिथून साऱ्या देशात. तुम्ही तिच्या डोळ्यावर ओला पाला टाकला!"

"मंग काढा ना!" दामिनी आतून ओरडली.

बाईंचे दीर जागेश्वर आडवे आले. "वहिनी, लगन लागाच्या आधी मांडव उसवत नाही. अपशकुन होते."

देवकाबाईंनी पदर खोचला.

"भावाले बहिणीचं लगन दिसू नाही, हा कोणता शकुन जी? भाऊजी, शिडी पकडा!"

डहाळे सटासट खाली आले. थोड्या वेळानं फोनवर लोकरीच्या टोपीतला प्रितम उगवला.

"आई, रडून राहिली का?"

"नाही रे, ऊन लागून राहिलं!"

दोघांचं बोलणं सारखं एकमेकांवर आपटत होतं. "बोलण्याले उपग्रहापर्यंत वर जाऊन खाली यायचं आहे काकी, जरा दम धरा," योगेंद्र हसत म्हणाला.

मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. तेवढ्यात, सगळ्यांच्या एक श्वास मागून, फोनमधला प्रितम गरजला, "सावधान!" आणि त्यानं मूठभर तांदूळ थेट कॅमेऱ्यावर फेकले. सारा मांडव हसला. दामिनीनं केसांतल्या अक्षता वेचल्या आणि फोनवर उधळल्या.