चिमाजीची डिकी

चिमाजी गर्जे मूळचा आष्टीकडचा. आता मोशीला राहतो आणि चाकणला गाड्यांचे बंपर बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. वरून चांगल्या दिसणाऱ्या वस्तूत खोट शोधायची, हे त्याचं काम. शिफ्ट संपते, पण ती नजर काही घरी आल्यावर मिटत नाही. लग्नाच्या मांडवात गेला तर आधी खांब हलवून बघतो. लिफ्टमध्ये किती वजन चालतं ते वाचतो, आत उभ्या असलेल्या माणसांकडे एकेक करून बघतो आणि एखादा अंगानं भरलेला दिसला की निमूट जिन्यानं जातो.

दीपमालानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हे सगळं स्वभाव म्हणून सोडून दिलं होतं. पण मग त्यांनी जुनी छोटी लाल गाडी घेतली, आणि पहिल्याच फेरीत घोटाळा झाला.

झालं असं की, चिमाजीच्या सासूबाईंना, सुभद्राबाईंना, त्यांच्या गावी सोडायला ही दोघं निघाली. गाव खेड तालुक्यात पार आत, वाडा गावाच्याही पुढं, डोंगराच्या कुशीत. श्रावणातलं धुकं. एका वळणावर गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि ती बंद पडली. मोबाईलला रेंज नाही. बाटलीत घोटभर पाणी. खायला म्हणाल तर डॅशबोर्डवर बडीशेपेची पुडी. दोन्ही बाजूंना रान आणि मागच्या सीटवर सासूबाई.

सुभद्राबाई तशा कमी बोलणाऱ्या. पण त्या दिवशी त्यांच्याकडे वेळ होता आणि ऐकणाऱ्याला पळायला जागा नव्हती. लग्नात चिमाजीच्या चुलत्यानं जिलबीला नाव ठेवलं होतं, तिथून त्यांनी सुरुवात केली. मग मानपानाचं उपरणं, मग पहिल्या दिवाळीला जावई फराळाच्या ताटावरून अर्ध्यात उठला ते. दुधाचा टेम्पो येऊन त्यांना ओढून नेईपर्यंत त्या कशाबशा संक्रांतीपर्यंत पोचल्या होत्या.

घरी आल्यावर चिमाजी म्हणाला, "पुन्हा असं अडकायचं नाही."

"आईला न्यायचं नाही म्हणताय का?" दीपमालानं विचारलं.

"तसं नाही. तयारीनं जायचं."

तेव्हापासून डिकी भरायला लागली. आधी बंद गाडी ओढून न्यायची, टोचनाची जाड दोरी आली आणि बॅटरी उतरली तर जोडायच्या वायरी. मग पंक्चरचं सामान, पायानं मारायचा पंप, पाण्याचा मोठा कॅन, ब्लँकेटं, ताडपत्री, टॉर्च, मलमपट्टीची पेटी. चिखलात चाक रुतलं तर म्हणून फावडं. उपाशी मरायला नको म्हणून खजूर, चिक्की आणि भडंगाचा डबा. वरून जाणाऱ्या विमानाला ऊन चमकवून खूण करता येते असं त्यानं कुठंतरी व्हिडिओत बघितलं होतं, म्हणून एक आरसा. त्या आरशात दीपमाला टिकली सरळ करायची. आणि एक शिट्टी. शिट्टी तीनदा वाजवली की मदत हवी असा जगभर अर्थ होतो, हे त्यानं घरात सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली.

कुरुळी फाट्यावर नवाबभाईंचं गॅरेज आहे. चिमाजीची गाडी त्यांच्याकडेच असते. एकदा त्यांनी सर्व्हिसिंगला डिकी उघडली. मग आत हात घालून त्यांनी छोटी गॅसची शेगडी बाहेर काढली. तिच्या मागे फटाक्यांची माळ होती.

"चिमाजीभाऊ, ही माळ कशाला?"

"बिबट्या आला तर. आवाजानं पळतो."

"आणि उन्हात डिकी तापली, तर बिबट्याच्या आधी आपण पळायचं का?" नवाबभाईंनी शेगडी आणि माळ दोन्ही काढून घेतलं. "बाकी ठेवा. पण येवढ्या वजनानं मागची स्प्रिंग बसलीय. गाडी आभाळाकडे बघत चाललीय."

चिमाजीनं स्प्रिंग बदलून घेतली. सामान काही कमी केलं नाही.

पुढची दोन वर्षं तो सुट्टीच्या दिवशी दीपमालाला घेऊन ताम्हिणीला गेला, माळशेजला गेला, भोरगिरीला गेला. काही म्हणजे काही झालं नाही. गाडी इतकी शहाण्यासारखी चालली की चिमाजीला मनातून वाईट वाटायला लागलं. रस्त्याकडेला एखादी गाडी उभी दिसली की तो थांबायचाच. एकदा ताम्हिणीत एक नवराबायको गाडी लावून धबधबा बघत बसले होते. चिमाजीनं काही न विचारता त्यांच्या पुढच्या हुकाला टोचनाची दोरी बांधली. तो गृहस्थ खाली उतरून म्हणाला, "अहो, गाडी चालू आहे आमची." दीपमाला मोशी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

मग तो मे महिन्यातला शनिवार आला.

शिक्रापूरला दीपमालाच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. जेवण झकास झालं. मठ्ठा गार होता आणि सुभद्राबाईंनी ग्लासावर ग्लास घेतला. दुपारी परत निघाले. मागच्या सीटवर सुभद्राबाई, त्यांच्या एका बाजूला पाण्याचा कॅन, कारण डिकीत जागा नव्हती, आणि पायाखाली फावडं, त्यामुळे गुडघे हनुवटीशी.

चाकणच्या अलीकडे गाड्या थांबल्या. रोजचंच, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग मोटारसायकलवरून उलटा येणारा एकजण सांगून गेला की, पुढं कंटेनर आडवा झालाय, तेल सांडलंय, क्रेन यायचीय. लोकांनी इंजिनं बंद केली. उन्हानं पत्रे तापले. मागेपुढे नजर जाईल तिथवर ट्रक, टेम्पो आणि कंपन्यांच्या बसा. डाव्या हाताला कंपन्यांच्या उंच भिंती, बंद गेटं आणि गेटावर वॉचमन.

तासाभरानं सुभद्राबाई दीपमालाच्या कानाशी काहीतरी बोलल्या.

"अहो, आईला जायचंय," दीपमाला म्हणाली.

"सगळ्यांनाच जायचंय. क्रेन आल्याशिवाय कसं जाणार?"

दीपमालानं करंगळी दाखवली. मग चिमाजीच्या डोक्यात उजेड पडला.

दीपमाला उतरून जवळच्या गेटवर गेली. वॉचमन म्हातारा होता, बिचारा ओशाळला. "ताई, आत कुणाला सोडायचं तर आतल्या माणसाचं नाव लागतं. आज आमच्या कंपनीला सुट्टी आहे, आत कुणीच नाही. माझी नोकरी जाईल." ती परत फिरली तेव्हा शेजारच्या बसमधल्या बाया खिडकीतून तिच्याकडेच बघत होत्या. सकाळच्या शिफ्टच्या, सुटून घरी निघालेल्या. त्यातली एक पोक्त बाई खाली उतरली. शालनबाई तिचं नाव, त्यांच्या लाइनची ती मुख्य.

"नाही म्हणाला ना?" शालनबाई म्हणाली. "आम्ही पण मघाशी विचारून आलो. पोरी पाणी प्यायच्या बंद झाल्यात, ह्या उन्हात. एकीला चक्कर आलीय."

चिमाजी हे ऐकत उभा होता. गेली दोन वर्षं त्यानं मनात स्वतःला कितीतरी वेळा बघितलं होतं. घनदाट रान, कोसळता पाऊस, दरीच्या तोंडाशी लटकलेली एखादी गाडी, आणि दोरी घेऊन येणारा तो. इथं तर हजार कारखाने होते आणि वीजही होती. तो मागे गेला आणि त्यानं डिकी उघडली.

भिंतीला लागून कोरडी चर होती. चरीच्या कडेला एक बाभूळ. भिंतीच्या लोखंडी जाळीला एक टोक बांधायचं, दुसरं बाभळीला, पण मधे दोरी पुढं ताणून धरायला काहीतरी हवं होतं. तिथं रस्ता सोडून अर्धी खाली उतरलेली एक भलीमोठी काळी गाडी होती. टपावर दिव्यांची रांग, वर चढलेलं धुराडं, मागे डोंगरदऱ्यांची चित्रं. अशी गाडी दिसली की चिमाजी हटकून वळून बघायचा. आत दिग्विजय नावाचा एक तरुण एसी लावून बसला होता.

"भाऊ, तुमच्याकडं दोरी, ताडपत्री काही आहे का?" चिमाजीनं काचेवर टकटक केली.

"नाही हो. स्पीकर आहे," दिग्विजय म्हणाला.

"मग तुमचा मागचा हूक जरा वापरतो."

"वापरा की," म्हणून त्यानं काच वर केली.

चिमाजीनं व्हिडिओ बघून शिकलेल्या सगळ्या गाठी एकाच दोरीवर मारल्या. दीपमालानं ताडपत्री टाकली, उरलेल्या जागी ब्लँकेटं लावली. भिंत, बाभूळ आणि दिग्विजयची गाडी यांच्यात निळा तंबू उभा राहिला. फावडं आत गेलं, माती टाकायला. वयाचा मान म्हणून पहिल्या सुभद्राबाई आत गेल्या. मागे शालनबाईच्या बायकांची रांग. चिमाजी तंबूकडे पाठ करून रस्त्याच्या बाजूला उभा राहिला, गळ्यात शिट्टी, कुणा पुरुषाला इकडे फिरकू द्यायचं नाही म्हणून.

आणि नेमकी तेव्हाच पुढची रांग सरकली. फार नाही, गाडीभर. पण चाकणच्या रस्त्यावर पुढं गाडीभर जागा झाली की मागचे हॉर्न वाजवणारच. एसीत पेंगणारा दिग्विजय दचकून जागा झाला आणि सवयीनं त्यानं गाडी पुढं घेतली.

दोरी ताणली गेली. ताडपत्री एखाद्या नाटकाच्या पडद्यासारखी सावकाश वर चढू लागली. रांगेतल्या बायकांनी एकच गलका केला आणि मिळेल ते टोक धरून ओढायला लागल्या. आतून सुभद्राबाईंचा आवाज आला, "अगं, कोण वढतंय?"

चिमाजीनं मागे वळून बघितलं नाही. बघणं शक्यच नव्हतं. त्यानं शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन तीनदा वाजवली.

मदत हवी, असा अर्थ कुणालाच कळला नाही. सगळ्यांना वाटलं पोलीस आला. ट्रकवाल्यांनी कचकन ब्रेक मारले. दुचाकीवाल्यांनी आरशाला अडकवलेली हेल्मेटं घाईघाईनं डोक्यावर घातली. एकानं तर मागच्या दोघांना खाली उतरवलं. दिग्विजयनं गाडी थांबवली, दोन्ही हात वर केले आणि काच खाली करून म्हणाला, "सर, लायसन घरी राहिलंय."

"मागं घ्या," चिमाजी म्हणाला. "सावकाश. माझ्या सासूबाई आहेत."

दिग्विजयनं आरशात बघितलं, आणि मग त्याला सगळा प्रकार समजला. गाडी इंचाइंचानं मागे आली, ताडपत्री खाली बसली. दीपमाला तरातरा गेली आणि तिनं खिडकीतून हात पुढं केला. "चावी द्या इकडं." त्यानं गुपचूप दिली. एसी बंद झाला म्हणून तोही मग खाली उतरून सगळ्यांबरोबर उन्हात उभा राहिला.

थोड्या वेळानं सुभद्राबाई पदर सारखा करत बाहेर आल्या. चिमाजीची मान खाली. त्या त्याच्यासमोर थांबल्या.

"जावईबापू, गाठ लई पक्की बांधलीया. गाडी निगाली, पर गाठ काय सुटली न्हाई."

हे कौतुक की आणखी काही, हे चिमाजीला आजवर समजलेलं नाही.

त्यानंतर त्याला काही करायचं उरलंच नाही. दीपमालानं सगळं ताब्यात घेतलं. तिनं बसमध्ये पाण्याचा कॅन चढवला, चक्कर आलेल्या पोरीला मलमपट्टीच्या पेटीतली मीठसाखरेची पुडी पाण्यात घालून पाजली, खजूर वाटले. भडंगाचा डबा सुभद्राबाईंनी मांडीवर घेतला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, वॉचमनलासुद्धा, मूठमूठ देत बसल्या. जिलबीचा विषय त्यांनी शालनबाईला सांगायला घेतला होता, पण तिचीही एक विहीण निघाली आणि ती जास्त वाईट होती. विमानासाठीचा आरसा बसमध्ये हातोहात फिरला. तंबूला इतका वेळ कामच होतं की मागच्या दुसऱ्या बसमधल्या बायाही चालत आल्या. चिमाजी तेवढा पाठ करून उभा होता. दिग्विजय त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला, त्यानंही पाठ केली आणि हळूच विचारलं, "दादा, हे सगळं तुम्ही कायम गाडीत ठेवता?"

"कायम," चिमाजी म्हणाला. त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं ताम्हिणीच्या धबधब्याची गोष्टही सांगून टाकली, फक्त शेवट बदलून.

दिवस मावळायच्या आत क्रेननं कंटेनर बाजूला घेतला. दिग्विजयला चावी मिळाली. निघता निघता शालनबाईनं फोन नंबर घेतला आणि ताडपत्री, दोरीही मागून घेतली. "आमचा रस्ता रोजचा आहे," ती म्हणाली. चिमाजीनं दोन्ही घडी घालून तिच्या हातात दिली. मोशीला वळताना दीपमाला म्हणाली, "पुढच्या वेळी ताडपत्री जाड घ्या. उन्हात आतलं दिसतं." तिच्या तोंडून पुढच्या वेळचं नाव निघालं, हे ऐकून त्यानं गाडी उगाचच एक गिअर खाली घेतली.

पंधरवड्यानं शालनबाईचा फोन आला. तिच्या मैत्रिणींनी वर्गणी काढून आणखी बसांसाठी ताडपत्र्या घेतल्या होत्या, पण बांधायचं कुणाला जमत नव्हतं. रविवारी चिमाजी दीपमालाला घेऊन बसा लावतात त्या मैदानावर गेला. दहा-बारा बाया जमल्या होत्या. त्यानं कंपनीत ट्रेनिंग देतात तसा गळा साफ केला, दोरी हातात घेतली आणि एकेक गाठ तीनतीनदा करून दाखवली.

मागून एकीनं विचारलं, "सर, झाड नसलं तर कशाला बांधायचं?"

चिमाजीनं मैदानात उभ्या असलेल्या बसांकडे बघितलं.

"खांबाला बांधा, गेटला बांधा," तो म्हणाला, "फक्त ज्याला चाकं आहेत त्याला बांधू नका."

बाया हसायला लागल्या. दीपमालाही हसली, आणि तिनं दोरीचं दुसरं टोक हातात धरलं.