साडेपाच मीटरचे शूरवीर

खारघरच्या आमच्या सोसायटीत बास्केटबॉलचं अर्धं मैदान झालं, तेव्हा रेषा आखायचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजात मी खेळलो होतो, आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते ऐकवतही होतो.

सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना मी सांगितलं, "तीन गुणांची रेषा बास्केटपासून पावणेसात मीटरवर लागते. आमच्या वेळी सव्वासहा होती. अमेरिकेतले व्यावसायिक सव्वासातच्या आसपास खेळतात."

टेप धरली. पावणेसात मीटर पार्किंगमध्ये, नेमके अध्यक्षांच्या दुसऱ्या गाडीखाली येत होते.

"जगातच एकमत नाही म्हणता," सेक्रेटरी म्हणाले, "मग आपण आपलं ठरवू. साडेपाच करा."

मी विरोध करायला हवा होता. पण तिथून एक चेंडू टाकून पाहिला, तो आत गेला, आणि माझा विरोध मावळला.

त्यानंतर वर्षभर आम्ही चाळिशीपुढचे चौघं रोज संध्याकाळी तीन-तीन गुण लुटत होतो. आमच्यातले एक दाताचे डॉक्टर तर चेंडू सोडल्यावर हात तसाच हवेत धरून ठेवायचे, कुणी फोटो काढला तर असावा म्हणून. त्याच तोऱ्यात आम्ही जवळच्या एका कॉलेजातल्या मुलींच्या संघाला सामन्याला बोलावलं.

त्यांची कॅप्टन बास्केटखालून पावलं टाकत रेषेपर्यंत आली. "काका, ही जवळची रेषा, फ्री थ्रोची ना?"

"तीन गुणांची," मी म्हणालो.

"ओके," ती म्हणाली. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

आम्ही रेषेवर पहारा देत राहिलो आणि मुली रेषेपर्यंत आल्याच नाहीत. सवयीने त्यांचे पाय मागेच थांबत. अध्यक्षांच्या गाडीला पाठ टेकवून कॅप्टनने सलग चार चेंडू आत टाकले. आम्ही एकवीस-सहा हरलो.

"इतक्या लांबून मारणं नियमात बसतं का?" डॉक्टरांनी विचारलं. सेक्रेटरींनी तो प्रश्न गंभीरपणे सोसायटीच्या सभेत मांडला.

तेव्हा मी उठून सांगितलं, की रेषाच चुकीची आहे आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मग तेव्हा का नाही बोललात?" अध्यक्षांनी विचारलं.

"तेव्हा माझे चेंडू आत जात होते."

सभा हसली. सेक्रेटरींनी हे वाक्य इतिवृत्तात लिहून घेतलं. रेषा पावणेसातवर न्यायचं एकमताने ठरलं, गाडी हलवण्यावर मात्र कुणी बोललं नाही. त्यामुळे नवी पांढरी कमान डावीकडून टायरपर्यंत येते आणि पलीकडच्या टायरपासून पुढे चालू होते.

डॉक्टर आता बॅडमिंटन खेळतात. मी रोज सकाळी बॉनेटला पाठ लावून चेंडू टाकतो. अजून एकही रिंगला लागलेला नाही. काल एक जाळीला खालून घासून गेला, ते मी घरी सांगितलं.