गुढीशेजारचा पिंजरा

अन्याय झाला तो एका डोंगरी मैनेवर, यंदाच्या पाडव्यानंतरच्या रविवारी सकाळी, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी. करणारी माणसं आपलीच होती. मी तिथे हजर होते, म्हणून लिहिते.

पक्ष्यांच्या निर्यातीविरुद्धची पत्रकं आणि स्लाइड्सचा डबा घेऊन मी शुक्रवारी डेट्रॉइटला उतरले. न्यायला देशपांडेकाका आले होते. तिकडे जुने डॉक्टर, मराठी मंडळाचे अध्यक्ष. गाडीतच म्हणाले, "तुझं भाषण रविवारी, गुढी उभारल्यावर. जरा सौम्य बोल हं. लोक श्रीखंड खायला येतात."

सौम्य का, ते घरी कळलं. दिवाणखान्यात पिंजरा. आत काळी कुळकुळीत मैना, डोळ्यांमागे पिवळे पट्टे. आसामच्या जंगलातली, नुकतीच दुकानातून आणलेली.

"तिला 'या, बसा' शिकवतोय," काका म्हणाले. "घरात माझ्याशी मराठी बोलणारं दुसरं आहे कोण?"

"डॅड, आय कॅन हिअर यू," त्यांची कॉलेजातली मुलगी नेहा आतून म्हणाली.

शनिवारी नेहाने मला एका संग्रहालयात नेलं. शंभरेक वर्षांपूर्वी एका इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने पूर्वेकडचे जिवंत पक्षी लंडनला नेले, त्याच्या खर्चाच्या हिशेबाचा कागद काचेआड मांडला होता. पक्ष्यांना मोजलेले पौंड, बोटीचं भाडं, सुताराची मजुरी, खायला केळी. वाटेत मेलेले पक्षी त्या हिशेबात कुठेच नव्हते. तिथल्या बाईंना विचारलं.

"काही मरणारच, ते धरूनच तो जास्त विकत घ्यायचा," त्या सहज म्हणाल्या.

परतताना माझं डोकं तापलं होतं. एक पोचावी म्हणून चार पकडायच्या, ही रीत आजही तशीच चालू आहे. फक्त बोटीऐवजी विमान आलं.

तिकडे सण रविवारी येतात. पडद्याच्या दांड्याला जरीचं कापड बांधून मंडळींनी पॅटिओवर (मागच्या दारच्या फरशीवर) गुढी उभारली. एप्रिल असूनही वारा बोचत होता. सगळे कोटात. काकांनी पिंजरा आणून गुढीशेजारी ठेवला.

"काका, तिला आत घ्या. तिला ही थंडी नवी आहे."

"फोटो होऊ दे गं. आपलीच आहे ती, पाडव्याला नको?"

एकेक कुटुंब पिंजऱ्याशेजारी उभं राहिलं. शेवटी नेहाने कुणाला न विचारता पिंजरा उचलून आत नेला. मी भाषण केलं, अजिबात सौम्य नाही. टाळ्या बेताच्या पडल्या. श्रीखंड मात्र उत्तम होतं.

संध्याकाळी मैना पिसं फुगवून बसली. मंगळवारी सकाळी तळाशी पडलेली होती. "या, बसा" तिने एकदाही म्हटलं नाही.

काकांनी दुकानात फोन लावला. रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "चांगला माणूस आहे. दुसरी देतो म्हणतोय, फुकट."

"फुकट कशी? ती तुमच्यासाठी आधीच पकडून ठेवलीय, काका. ही मरणार हे धरून."

ते माझ्यावर चिडले. मग नेहा अडखळत, मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, नको आणू. मी बोलेन ना तुमच्याशी."

काका रिसीव्हर कानाला लावून दुकानदाराशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाले, "कॅन्सल केलं."

आता मी पुण्यात आहे. परवा पक्ष्यांच्या बाजारात गेले, तर तशाच मैना खोक्यात दाटीवाटीने भरलेल्या. गिऱ्हाइकं आपलीच, मायाळू, मुलांचा हात धरून आलेली. ती विकत घेतात तोवर तो खोका रिकामा राहणार नाही. तेव्हा तुम्हाला सरळ सांगते: पक्षी विकत घेऊ नका. आणि पक्ष्यांची निर्यात बंद करा, असं आपल्या खासदाराला आज लिहा.